दुखणे सांगावे कोणी आणि ऐकावे कोणी?



आपल्या समाजात कोणी मोठ्या आजाराने अंथरूण धरले की दोन तऱ्हेचे उद्गार हमखास कानी पडतात. एकाबद्दल आपण म्हणतो, "एवढे मोठे दुखणे, पण तोंडातून हूं की चूं नाही! माणूस असावा तर असा." दुसऱ्याबद्दल म्हणतो, "अहो, त्यांचे काय विचारता! ऊठसूट कुपत होलिममध्ये. आज पाठ, उद्या छाती, परवा चक्कर." पहिले वाक्य आपण अभिमानाने उच्चारतो, दुसरे हसत हसत. आजार कर्करोगाचा असला तर ही स्तुती आणि हे हसू अधिकच ठळक होते. सोसणारा तो धीराचा आणि वारंवार दाराशी येणारा तो कटकट्या, असा हिशेब आपण केव्हाच मांडून ठेवला आहे.

हा हिशेब बरोबर आहे काय, एवढाच प्रश्न आज आम्ही आपल्यापुढे ठेवीत आहो. आजाऱ्याने आपले दुखणे कोणाला आणि किती वेळा सांगावे? ते ऐकणारांचे कर्तव्य कोठवर? हा प्रश्न आम्हांस पुस्तकातून पडला नाही, तो घरातून पडला. म्हणून आधी घरची गोष्ट सांगतो. तीत आमचा स्वतःचा दोष आहे व तो लपवून लिहिण्यात अर्थ नाही.

आमच्या एक आत्याबाई १९९०च्या दशकात, उतारवयात आलिया करून इस्राएलच्या दक्षिण भागातील एका गावी राहावयास आल्या. हिब्रू बाजारापुरती. शेजारीपाजारी आपलीच मराठी बोलणारी माणसे, म्हणून त्यांचे काही अडत नसे. काही वर्षांनी त्यांच्या स्तनात गाठ निघाली. तपासण्या झाल्या. डॉक्टर आत्याबाईंकडे पाहून हिब्रूत सर्व काही स्वच्छ सांगत होते. शेजारी बसून त्याचे मराठी करणारे आम्हीच होतो. डॉक्टरांनी रोगाचे नाव उच्चारले तेव्हा आम्ही मराठीत म्हणालो, "आत्या, साधी गाठ आहे, काढून टाकली की झाले." घरच्यांचे तसे आधीच ठरले होते. आत्याबाईंनी मान डोलावली आणि कागदावर सही केली.

शस्त्रक्रिया चांगली झाली. किरणोपचारही पार पडले. घरच्यांनी एलियाहू हन्नाबीला मलिद्याचा नवस बोलला होता तो फेडला, पण आत्याबाईंना सांगितले की नवस नातवाच्या नोकरीसाठी होता. त्यांनी स्वतःच्या हाताने पोहे भिजवले, खोबरे किसले, खजूर निवडले, आणि स्वतःच्याच नवसाचा प्रसाद सर्वांना वाटला.

त्यानंतर त्यांचे दवाखान्यात जाणे सुरू झाले. आज पाठीत कळ, उद्या डोके जड, परवा श्वास लागतो. रात्री दोन वाजता उठून त्या मुलाला हाक मारीत, आणि तो त्यांना मियूनमध्ये घेऊन जाई. छातीचे फोटो काढले, रक्त तपासले, हृदयाचा आलेख काढला. दर वेळी सर्व काही ठीक. कुपतीच्या डॉक्टरांचा चेहरा त्रासिक होऊ लागला. सून थकली, मुलगा कामावर डुलक्या घेऊ लागला. शेवटी एके दिवशी आम्हीच त्यांना म्हणालो, "आत्या, आता पुरे. डॉक्टरला दुसरे रोगी नाहीत का?"

आत्याबाई गप्प बसल्या, आणि त्या दिवसापासून त्यांचे दवाखान्यात जाणे थांबले. घरात सुटकेचा निःश्वास पडला. "आता सावरल्या," असे आम्ही एकमेकांना सांगितले. नेमून दिलेल्या तपासणीलाही त्या गेल्या नाहीत, हे आठ महिने कोणाच्या लक्षातही आले नाही.

मग एका शुक्रवारी, शब्बाथचा स्वयंपाक चालला असता, आम्ही सहज विचारले, "आत्या, तेव्हा तुम्ही रात्रीच्याच का दवाखान्यात जात होता?" त्या लसूण सोलीत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "रात्री दिवा मालवला की वाटायचं, ते परत आलंय. दवाखान्यात दिवे असतात. कोणीतरी जागं असतं."

आम्ही विचारले, "ते म्हणजे काय?"

त्या म्हणाल्या, "मला वाचता येतं रे बाबा." रुग्णालयातील त्या विभागाच्या दारावर हिब्रूत पाटी होती. आत्याबाईंना हिब्रू बोलता येत नव्हते, पण तेफिल्लाच्या पुस्तकामुळे अक्षरे लहानपणापासून पाठ होती. पहिल्याच दिवशी त्यांनी एकेक अक्षर जुळवून "ओन्-को-लो-गिया" असे वाचले होते आणि बाकावर शेजारी बसलेल्या मोरोक्कन बाईला खुणेने अर्थ विचारला होता. त्या बाईने उत्तर दिले नाही. फक्त त्यांचा हात हातात घेतला. तेवढ्यावरून आत्याबाई सर्व समजल्या. आम्ही लपवीत होतो त्यापूर्वीच त्यांना ठाऊक होते, आणि त्यांना ठाऊक आहे हे आम्हांस कळू नये म्हणून त्याही लपवीत होत्या.

आता विचार करा. आम्ही काय वाचवले? रोगाचे नाव त्यांना कळलेच होते. आमच्या लपवालपवीने एकच गोष्ट झाली. ज्या भीतीचे नाव घरात उच्चारता येत नव्हते, ती भीती पाठीच्या, डोक्याच्या, श्वासाच्या नावाने डॉक्टरांकडे जात राहिली. पाठीचे दुखणे सांगण्याची परवानगी होती, भीती सांगण्याची नव्हती. ते दारही आम्ही "पुरे" म्हणून लावून घेतले, तेव्हा त्या नुसत्या गप्प झाल्या आणि जी तपासणी खरोखर हवी होती तीही सुटली. वारंवार येणारा रोगी आणि कधीच न येणारा रोगी ही दोन निराळी माणसे नव्हती. दोन्ही आमच्या आत्याबाईच होत्या, आणि दोन्ही वेळा कारण एकच होते.

हे केवळ आमच्या घरचे नवल नव्हे. कर्करोगाच्या रोग्याच्या मनाकडे वैद्यकाने लक्ष द्यावे, हा विचारच तसा अलीकडचा आहे. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन-केटरिंग या प्रख्यात कर्करोग रुग्णालयात डॉ. जिमी हॉलंड या बाईंनी १९७७ साली रोग्यांच्या मनाचे दुखणे पाहणारा विभाग उभा केला आणि पुढे त्यातून एक स्वतंत्र शास्त्रच वाढले. त्या शास्त्रातील मंडळींनी एक साधी युक्ती काढली. तापमापकाचे चित्र काढून त्यावर ० ते १० आकडे घातले आणि रोग्याला विचारले की गेल्या आठवड्यात जिवाची तगमग किती होती, ते खूण करून दाखवा. ४ किंवा अधिक आकडा आला की पुढे चौकशी करावयाची. ताप मोजतो, रक्तदाब मोजतो, तशीच तगमग मोजावी, एवढेच त्यांचे म्हणणे.

स्कॉटलंडमधील कर्करोगाच्या दवाखान्यांत २१,०००हून अधिक रोग्यांची पाहणी करून २०१४ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांना खरोखर औदासीन्याचा विकार जडला होता, अशांपैकी शंभरात ७३ जणांना त्यावर कसलाही परिणामकारक उपचार मिळत नव्हता. ही माणसे दवाखान्यातच होती. डॉक्टर त्यांची गाठ तपासत होते, रक्त तपासत होते, पण मनाचे कोणी विचारीत नव्हते. त्याच मंडळींनी असे ५०० रोगी घेऊन प्रयोग केला. निम्म्यांना नेहमीची सेवा दिली. उरलेल्यांसाठी खास शिकवलेल्या परिचारिका, मनाचे डॉक्टर आणि घरचे डॉक्टर यांनी मिळून उपचार केले. चोवीस आठवड्यांनी पाहता नेहमीच्या सेवेत शंभरात १७ जणांचा विकार निम्म्याने तरी उतरला होता, तर दुसऱ्या गटात शंभरात ६२ जणांचा. म्हणजे हे दुखणे "नशिबाचे" नाही. त्यावर उपाय आहे, आणि तो विचारपूस करण्यापासून सुरू होतो.

आता रोगाचे नाव लपवण्याविषयी. ही सवय आपल्याच लोकांची आहे असे समजण्याचे कारण नाही. १९६१ साली शिकागोच्या डॉक्टरांना विचारले असता शंभरात ९० जणांनी सांगितले होते की आम्ही रोग्यास कर्करोग आहे हे शक्यतो सांगत नाही. १९७९ साली अमेरिकेतच पुन्हा विचारले तेव्हा शंभरात ९७ म्हणाले, आम्ही सांगतो. अठरा वर्षांत एका देशाच्या डॉक्टरांनी आपले मत उलटे फिरवले. इस्राएलमध्ये १९९६ च्या रुग्णहक्क कायद्याने हा प्रश्न रोग्याच्या बाजूने निकालात काढला आहे. आपल्या आजाराची माहिती मिळणे हा रोग्याचा हक्क आहे, आणि ती माहिती दिल्याने रोग्याच्या जिवाला किंवा मनाला गंभीर अपाय होईल असे रुग्णालयाच्या नीतिसमितीने मान्य केले तरच डॉक्टरांस ती राखून ठेवता येते. मुलाने, पुतण्याने किंवा सुनेने परस्पर ठरवण्याची सोय त्यात नाही. आम्ही भाषांतराच्या आडून जे केले ते कायद्याने डॉक्टरांसही करता आले नसते.

तरीही घराघरांतून हे चालतेच. इतर इस्राएली लोकही कर्करोगाला पुष्कळदा नुसते "हामाहला", म्हणजे "तो आजार", म्हणतात. नाव घेतले की तो ऐकेल आणि येईल, अशी जणू भीती.

येथे कोणी म्हणतील, आपल्या धर्मात आशा सोडू नये असे सांगितले आहे, मग आजाऱ्याची आशा का मोडावी? प्रश्न योग्य आहे. पण शास्त्राकडेच पाहू. हिज्कीया राजा मरणाच्या दुखण्यात पडला तेव्हा यशया नबीने येऊन त्याला तोंडावर सांगितले की घरची व्यवस्था लाव, तू यातून उठणार नाहीस. राजाने भिंतीकडे तोंड फिरवले, प्रार्थना केली, आणि तो मोठ्याने रडला. त्याचे वय पंधरा वर्षांनी वाढवण्यात आले, ही गोष्ट आपण मुलांनाही सांगतो. परंतु तीमधील एक बारकावा आपण सहसा सोडून देतो. नबी निरोप सांगून निघाला होता, तो मधल्या चौकातून बाहेरही पडला नव्हता, तोच त्याला परत फिरण्याची आज्ञा झाली. सत्य सांगून चालते होणे नबीलाही माफ नव्हते. सांगणाऱ्याने परत आले पाहिजे. आमच्या मते आशा मोडते ती नुसत्या सत्याने नव्हे, सत्य सांगून माणसाला एकटे सोडल्याने मोडते. आणि न सांगता एकटे सोडल्यानेही तितकीच मोडते.

दुसरे उदाहरण योम किप्पूरचे. आजारी मनुष्य म्हणतो मला अन्न हवे, आणि वैद्य म्हणतो गरज नाही. ऐकावे कोणाचे? तल्मूद सांगतो की आजाऱ्याचे ऐकावे, कारण हृदयाचे कडूपण हृदयालाच ठाऊक. वर्षातील सर्वांत कडक उपासाच्या दिवशी ज्ञानी लोकांनी आजाऱ्याच्या शब्दाला एवढे वजन दिले, आणि आम्ही आमच्या आत्याबाईंच्या शब्दाला "पुरे" म्हणालो.

तिसरे, रब्बी योहानान यांचे. ते दुसऱ्या आजाऱ्यांना हात देऊन उठवीत असत, असे सांगतात. पण ते स्वतः आजारी पडले तेव्हा त्यांनाही दुसऱ्याचाच हात लागला. तल्मूद त्यावर म्हणतो की कैदी स्वतःला कैदेतून सोडवू शकत नाही. जो मनुष्य "हूं की चूं" करीत नाही त्याची आपण स्तुती करतो, तेव्हा कैद्याने दार ठोठावले नाही म्हणून आपण त्याला शाबासकी देत असतो. धीर हा मोठा गुण आहे, आम्ही तो नाकारीत नाही. पण ज्याला बोलावयाचे आहे आणि ऐकणारा नाही म्हणून जो गप्प आहे, त्याच्या गप्प राहण्याला धीर म्हणणे ही आपली सोय आहे.

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. १९९५ सालापासून राष्ट्रीय आरोग्य विमा कायद्याने या देशातील प्रत्येक रहिवासी चार कुपतींपैकी एकीचा सभासद असतो. पैसा सर्वांचा आहे, डॉक्टरांचा वेळ सर्वांचा आहे. मियूनमध्ये रात्री एक खाट भीतीने अडली तर छातीत खरी कळ आलेल्याला थांबावे लागेल. तेव्हा "दुसरे रोगी नाहीत का?" हा आमचा प्रश्न अगदीच खोटा होता काय? नाही. सार्वजनिक गोष्ट जपून वापरावी हे कर्तव्यच आहे. चूक एवढीच की तो प्रश्न आम्ही चुकीच्या माणसाला विचारला. आत्याबाई चुकीच्या दारी जात होत्या, कारण योग्य दार त्यांना कोणी दाखवलेच नव्हते. दहा रात्रींच्या तपासण्यांनी जे साधले नाही ते कदाचित एका तासाच्या बोलण्याने साधले असते. आणि समजा, त्या बोलण्याला दहा तपासण्यांहून अधिक खर्च आला असता, तरी तो देणे लागत होतो असेच आम्ही म्हणू. भीती हेही दुखणेच आहे, आणि दुखण्यासाठीच तो पैसा आहे.

पण एक धोक्याची सूचना. हे वाचून कोणी उलटे टोक गाठू नये. आजाऱ्याने पाठ दुखते म्हटले की "मनाचेच आहे" म्हणून मोकळे होऊ नये. ज्याला एकदा कर्करोग झाला त्याची नवी कळ डॉक्टरांनी पाहिलीच पाहिजे. आधी देह तपासावा, आणि देह ठीक निघाला की चौकशी तेथे संपवू नये, तेथून पुढे चालवावी. "काही निघाले नाही" हे उत्तर हृदयाच्या आलेखाला पुरेसे आहे, माणसाला नाही.

मनाच्या डॉक्टरकडे जाण्याची लाज, हा आपल्या समाजातील मोठा अडसर आहे. मुंबईत असताना कोणी विचित्र वागला की "याला ठाण्याला पाठवा" असे आपण थट्टेने म्हणत होतो. ठाण्यात आपल्या लोकांची मोठी वस्ती, तरी त्या गावाचे नाव वेड्यांच्या इस्पितळापायी थट्टेचे झाले. ती थट्टा आपण सामानात बांधून येथे आणली. परंतु कर्करोगाने हादरलेला मनुष्य वेडा नसतो. १ जुलै २०१५ पासून या देशात मानसिक उपचारांची जबाबदारीही कुपतींकडेच आली आहे. म्हणजे डोळ्यांच्या किंवा हाडांच्या डॉक्टरकडे जातो त्याच कुपतीच्या दारातून तेथेही जाता येते. रुग्णालयांच्या कर्करोग विभागांत सामाजिक कार्यकर्त्या असतात. तोफेस १७ च्या कागदासाठी आपण त्यांच्याकडे धाव घेतो. जिवाची तगमग सांगण्यासाठीही त्या तेथे बसलेल्या असतात, हे आपल्याला सुचत नाही.

आत्याबाईंचेही अखेर तेथूनच सुरू झाले. राहिलेली तपासणी करून घेण्यास आम्ही त्यांना घेऊन गेलो, तेव्हा अशाच एका बाईंनी विचारले, "रात्री झोप लागते का?" आम्ही या वेळी शब्दाला शब्द ठेवून मराठी केले, आणि आत्याबाईंचे उत्तर शब्दाला शब्द ठेवून हिब्रूत सांगितले. मध्येच आमचा गळा दाटून आला, पण एक शब्द गाळला नाही. तपासणीत काही निघाले नाही. पुढे काही महिने त्या एका मानसशास्त्रज्ञ बाईंकडे जात राहिल्या. भीती अजिबात गेली असे त्यांनी कधी म्हटले नाही. "येते," म्हणत, "पण आता ओळखीची झाली आहे." नऊ वर्षे त्या जगल्या, आणि शेवटी हृदयविकाराने गेल्या.

मग आपण प्रत्येकाने काय करावे? फार मोठे काही नाही. आजाऱ्याला किती जाणून घ्यावयाचे आहे, हे त्यालाच विचारावे. काही माणसांना सर्व जाणावयाचे नसते, तोही त्यांचा हक्क आहे. पण तो त्यांनी स्वतः सांगावा, आपण त्यांच्या वतीने ठरवू नये. म्हाताऱ्यांचे भाषांतर करावयास शाळकरी नातवंडांना पाठवू नये, तो भार त्यांच्या खांद्यांचा नव्हे. जो मनुष्य वारंवार दवाखान्यात जातो त्याच्याबरोबर एकदा तरी स्वतः जावे, आणि जो जातच नाही त्याच्या तपासणीची तारीख आपल्या वहीत लिहून ठेवावी. भेटीस गेल्यावर ईयोबाच्या मित्रांचे स्मरण ठेवावे. सात दिवस ते त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्याने बसले, तोवर त्यांचे सर्व बरोबर होते. तोंड उघडून त्याच्या दुखण्याची कारणे सांगू लागले तेथे चुकले.

बिकूर होलिमविषयी तल्मूदात म्हटले आहे की आजाऱ्यास भेटणारा त्याच्या दुखण्याचा साठावा भाग घेऊन जातो. त्यावर कोणी विचारले, मग साठ माणसे पाठवा आणि त्याला उठवून बसवा! उत्तर असे मिळाले की प्रत्येक जण नेतो तो उरलेल्याचा साठावा भाग, आणि तोही आजाऱ्याच्या बरोबरीचा असेल तरच. हिशेब करून पाहिला तर दुखणे त्याने शून्यावर कधीच येत नाही. ज्ञानी लोकांना हे ठाऊक होते, तरी त्यांनी भेट द्यावयास सांगितलेच. बाकावरच्या त्या मोरोक्कन बाईने आत्याबाईंचा साठावा भाग नेला. ती बरोबरीची होती, त्याच दाराशी बसलेली. आम्ही रक्ताचे, पण आमचा भाग न्यावयास आम्हांस फार उशीर झाला.

आजाऱ्यासाठी आपण सिनेगॉगमध्ये प्रार्थना म्हणवतो, तीत आधी जिवाच्या आणि मग देहाच्या आरोग्याचे मागणे आहे. हा क्रम आपण दर शब्बाथला ऐकतो. या आठवड्यात कोणाचे नाव त्या प्रार्थनेत घेतले गेले असेल, तर त्याच्या घरी जावे, आणि रात्री झोप लागते का, एवढे विचारावे.